कातडीवरची वाट

१

अत्तर बाटलीत हुंगून घ्यायचं नसतं. कुओपिओच्या बंदिस्त बाजारात एन्सिओ लेहमुस्तोच्या गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावंच लागे. "मनगट पुढे करा," असं म्हणून तो काचेच्या काडीने थेंब टेकवायचा आणि गिऱ्हाइकाला सरळ हाकलून द्यायचा. "जा, कॉफी पिऊन या. मासे घ्या, घरी कुणाशी भांडायचं असेल तर भांडून या. मग पुन्हा हुंगा आणि आवडलं तरच न्या." हातात आलेलं गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार वेडाच म्हणायचा. पण एन्सिओ धंदा कुठल्या शाळेत शिकलेला नव्हता, बाजारात उभं राहून शिकला होता. पहिला भपकारा दुकानदाराचा असतो आणि नंतरचा सगळा दिवस लावणाऱ्याचा, हे त्याने रागावलेली गिऱ्हाइकं बघून बघून ओळखलं होतं.

आणि कातडी हा तर मोठा लहरी प्राणी. एकाच बाटलीतला थेंब दोन सख्ख्या बहिणींना लावावा, तर एकीच्या अंगावर त्याचा मध होतो आणि दुसरीच्या अंगावर ओलं वर्तमानपत्र. समोरच्या मासेवाल्या हेल्गेला तर काहीही लावा, थोड्या वेळात त्याची काकडी व्हायची. गुलाब लावा, काकडी. कस्तुरी लावा, काकडी. "देवाने मला कोशिंबिरीसाठी बनवलं आणि चुकून माशांत टाकलं," असं हेल्गे म्हणायचा.

त्या हिवाळ्यात एन्सिओने नवं अत्तर काढलं. नाव ठेवलं 'पक्कानेन', म्हणजे कडाक्याची थंडी. स्प्रूसची पानं, ज्युनिपरची फळं, बर्चची थोडी साल आणि स्वतः खरवडून आणलेली पाइनची राळ, असा साधा माल. लावल्या लावल्या नाकात बर्फाची सुई टोचल्यासारखं व्हायचं, त्यात लिंबाची चुणूक. मग राळ अंगाच्या उबेने सैल पडायची, गोडसर व्हायची. आणि शेवटी उरायचं ते लोकरी टोपीच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी, मऊ आणि आपलंसं. निदान घरी करून पाहिलं तेव्हा तरी तसंच होतं.

पहिल्याच दिवशी मार्त्ता शिंपीण कॉफी पिऊन परत आली. "छान आहे रे. पण शेवटी धूर कशाला घातलास?"

"धूर नाही घातला."

"मग माझं नाक खोटं का? लांबवर कुणीतरी चूल पेटवलीय, असा वास आहे."

औषधाच्या दुकानातली बाई आली, तीही धूर म्हणाली. मग एक पाद्री, तोही धूरच म्हणाला. एन्सिओ समोर गेला आणि हेल्गेचं मनगट ओढून नाकाशी धरलं.

हेल्गेच्या मनगटावर काकडी झाली नव्हती. तिथेही लांबवर चूल पेटली होती.

२

घर गावाबाहेर होतं. एन्सिओच्या बायकोच्या, राइलीच्या माहेरचं, ती जन्मली तेच. एन्सिओ जीभ आणि राइली नाक, असा त्या दोघांचा धंदा इतकी वर्षं चालला होता. बोलायचं त्याने, जोखायचं तिने. एका तापाने मात्र तिचं नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. वाट पाहता पाहता दोन हिवाळे सरले. कॉफी म्हणजे गरम पाणी झालं, राय धान्याचा पाव म्हणजे भिजलेला पुठ्ठा. चुलीवर लापशी जळून कोळसा व्हायची आणि ती शेजारी उभी राहून ढवळत असायची. आपल्या अंगाला घाण तर येत नाही ना, या धास्तीने ती धुतलेले कपडे पुन्हा धुवायची. बाजारात येणं तिने सोडून दिलं होतं.

तरी एन्सिओ नवं अत्तर केलं की जुन्या सवयीने एक थेंब तिच्या मनगटावर टेकवायचा. तीही जुन्या सवयीने हात नाकाशी न्यायची, मान हलवायची आणि कामाला लागायची.

त्या संध्याकाळी तिने हात नाकाशी नेला आणि तो तिथेच राहिला.

"राळ," ती म्हणाली.

"काय?"

"राळ, एन्सिओ. पाइनची. आणि तिच्या पलीकडे कुठेतरी चूल." तिचा आवाज फाटला. "अरे, मला वास येतोय!"

ती रडली, तोही रडला, मग दोघं हसली. हेल्गेच्या काकडीचं काय झालं, याची त्या संध्याकाळी एन्सिओला काडीचीही पर्वा नव्हती. फक्त जेवताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. राइलीने समोरच्या गरम कलाकुक्कोवर वाकून आशेने हुंगलं. आत मासे आणि डुकराची चरबी, वरून राय धान्याचं भाजलेलं कवच, मेलेला माणूस उठून बसावा असा घमघमाट होता. तिने मान हलवली आणि पुन्हा मनगट नाकाशी नेलं.

३

आपण न घातलेली गोष्ट आपल्याच मालातून निघावी, यासारखा संताप दुकानदाराला दुसरा नाही. एन्सिओने सगळं उसकटलं. बाटल्या उकळल्या. सगळं कालवायचं खोबरेल बदललं. ज्युनिपर वगळून पाहिलं, बर्च वगळून पाहिला, धूर होताच. राळ वगळली तेव्हा मात्र अत्तर एकदम मुकं झालं, एखाद्या साबणासारखं भलं आणि निर्जीव. मग त्याने नुसती राळ कातडीला चोळली. धूर आला. बशीत चोळली, काही नाही. कागदाच्या पट्टीवर लावली, काही नाही. जिवंत कातडी लागत होती, कुणाचीही चालत होती आणि सगळ्यांवर एकच वास उमटत होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने गिळून घेतलं असतं. पण वास जागेवर राहीना. थोड्याच दिवसांत धुराच्या आधी बर्फाचा वास यायला लागला. गोठलेल्या तळ्याला येतो तो, ओल्या लोखंडासारखा. मग बोटींचं डांबर. मग मेंढ्या. शेवट रोज थोडा पुढे सरके, आणि धूर रोज थोडा जवळ येई. नवी बाटली असो की जुनी, हात पहिल्यांदा लावणाऱ्याचा असो की रोजचा, त्या दिवशी जो शेवट असे तो सगळ्यांना सारखाच.

बाजाराला खेळच मिळाला. "आज कुठवर?" हेल्गे सकाळी गाळा उघडतानाच ओरडायचा. मार्त्ता तर तणतणत आली. "परवा माझ्या अंगाला बोटीसारखा वास येत होता, आज मेंढीसारखा. मला भाचीच्या लग्नाला जायचंय, एन्सिओ! त्या दिवशी माझ्या अंगाला कसला वास येणार, ते आत्ताच सांगून ठेव."

"बाटली परत आण, दुसरं देतो."

"परत? छे! पुढे काय होतं ते बघू दे की."

माल खपत होता आणि एन्सिओ दात खात होता. एकाला एक वास आला की बाकीच्यांच्या नाकात तोच शिरतो, असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. बाजारातली माणसं ऐकीव गोष्टींवर जगतात. पण राइली बाजारात येत नव्हती, आणि घरी गेल्यावर तीही मेंढ्याच म्हणाली.

मग एका दुपारी तो गाडीने घरी निघाला. हीटर बिघडलेला, काच धुक्याने आंधळी होत होती, म्हणून खिडकी खाली केलेली. चर्च मागे पडलं. एकटं पाइन मागे पडलं. वळणावर तळं आलं आणि थंड हवेबरोबर ओल्या लोखंडाचा वास आत आला. पुढे किनाऱ्यावरच्या बोटींच्या शेडा, डांबर. त्यापुढे हालोनेनांचा मेंढवाडा.

एन्सिओचा पाय आपोआप वर उचलला गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध हळूहळू थांबली. समोर घरचाच रस्ता होता. अजून लाकडाची गिरणी यायची होती आणि मग फाटक.

४

रविवारी राइलीचे मामा कॉफीला आले. उंतोमामा म्हणजे इथल्याच सावो मुलखाच्या मातीतला अस्सल माणूस. हो की नाही विचारलं तर हवामान सांगणार. एन्सिओ समुद्रकिनाऱ्यावरच्या राउमा गावचा, म्हणून लग्नापासून त्याची टर उडवणं हा मामांचा हक्कच होता.

"भाची म्हणते तुझ्या अत्तरात मेंढ्या शिरल्या," मामा बशीत कॉफी ओतत म्हणाले. "कुंपण घाल की मग, जावईबापू."

"राळेत काहीतरी आहे, मामा."

"कुठली राळ?"

"चर्चच्या रस्त्यावर ते एकटं पाइन नाही का, खालच्या फांद्या छाटलेलं. विजेच्या लोकांनी छाटलं असेल, म्हटलं फुकट जातंय. जखमांवर जुन्या राळेचे मणीच मणी. एका ठिकाणी काहीतरी कोरलेलं होतं, तिथे सगळ्यात दाट. सुरीने चांगली खोलवर खरवडून काढली."

मामांची बशी ओठांपाशी थांबली. भट्टीपाशी उभ्या राइलीने मागे वळून पाहिलं नाही.

"काहीतरी कोरलेलं," मामा म्हणाले. "सालीवर साल कोरलं होतं रे बाबा. कुणीतरी गेल्याचं साल आणि नावाची अक्षरं. कार्सिक्को आहे तो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! या घरातून मयत निघाली की तिथे थांबायची. एक फांदी उतरवायची, साल कोरायचं, घोटभर घ्यायचं आणि पुढे चर्चला. मागाहून मेलेल्या कुणाला घरी यावंसं वाटलंच, तर तिथवर येतो, आपलं साल वाचतो आणि मुकाट परत फिरतो. घराघराचं झाड वेगळं. हे तुमचं."

"आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"कार्सिक्कोला सुरी लावू नये, हे काय सांगायचं असतं? तापल्या शेगडीवर बसू नकोस, असं तरी कुठे सांगितलंय तुला कधी? तुम्ही किनाऱ्याची माणसं, दिसेल ते हेरिंग माशासारखं सोलायचं!"

"कुणाचं साल होतं ते?"

"आता कोण वाचणार? तू खरवडलंस ना."

मामांनी बशी खाली ठेवली. त्यांना हसवत न्यायचं होतं, पण चेहरा ऐकेना. "जेवढं आहे तेवढं नेऊन झाडाच्या मुळाशी ओत. आजच ओत."

"काही ओतायचं नाही," राइली म्हणाली.

५

भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि थांबेचना.

"तुला काय, तुला सगळं येतं नाकाला," राइली म्हणायची. "मी दोन वर्षं पुठ्ठा खाल्लाय. मला एक वास मिळालाय. एक! तोही तुला बघवत नाही?"

"अगं, तो वास तुझा नाहीये. तो रस्त्याचा आहे."

"मग असू दे रस्त्याचा. निदान रस्ता तरी आहे."

भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. राळ जुनी, ती वर्षानुवर्षं रस्त्याची हवा शोषत असेल, उबेने थर थर सुटत असेल, असं तो गाडीत मोठ्याने बोलून पाही. पटायचं. मग वाटायचं, थर सुटतील ते झाडापाशी उभं राहून येणाऱ्या वासाचे. झाडाला चालता कुठे येतं?

शनिवारी त्याने सॉना चांगला कडक तापवला. राइलीला डांबराच्या साबणाने, बर्चच्या जुडीने, गरम पाण्याने, कातडी लाल होईपर्यंत घासायला लावलं. ती हसत होती. टॉवेल गुंडाळून बाहेर आली, ओल्या केसांतून वाफ निघत होती, आणि तिने मनगट त्याच्यापुढे धरलं. साबणाचा मागमूस नव्हता. ताजा भुसा होता. लाकडाची गिरणी.

ती कपडे करत होती तेवढ्यात एन्सिओने तळघरातल्या सगळ्या बाटल्या क्रेटात भरल्या आणि गाडी काढली.

पाइनच्या मुळाशी त्याने एकेक बाटली उपडी केली. बर्फात पिवळट भोकं पडली. वास येत होता तो नुसता राळेचा, स्वच्छ, ज्याचा त्याने उन्हाळाभर ध्यास घेतला होता अगदी तसा. त्याला ओरडावंसं वाटलं. सालीवरची उघडी जागा अजून ओली होती. पुन्हा कोरावं, असं त्याच्या मनात आलं. सुरी काढून त्याने ती खोडाला टेकवली. पण कोणतं साल कोरणार? हात मात्र थांबला नाही. आपण चालू वर्षाचा पहिला आकडा कोरायला घेतलाय, हे ध्यानात येताच त्याने सुरी मिटली आणि तसाच पळत गाडीत येऊन बसला.

राइली रागावली नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"ओतलंस सगळं?" ती म्हणाली. "बरं केलंस. आता लावायला नकोच तसं." तिने कोरडं, धुतलेलं मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "फाटक आलं."

६

दुपार कलली होती. बाहेर बर्फावर निळा उजेड उतरला होता, दिवा लावावा की न लावावा असा. एन्सिओने दिवा लावला. दाराची कडी घातली. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून कॉफी चढवली, वेलचीचा पाव भट्टीत गरम करायला ठेवला आणि भट्टीजवळच्या खुर्चीत टेकला. राइली समोरच्या बाकावर बसली होती, ताठ, मनगट ओठांवर टेकवून.

"सुका बर्च," ती म्हणाली. जळणाच्या लाकडांचं खोपट फाटक आणि घर यांच्यामध्ये होतं.

"राइली, पुरे झालं. हात खाली घे."

"ओली चटई. गोठलेली."

पायऱ्यांवर बूट आपटल्याचा आवाज आला. एक पाय, मग दुसरा. घरात शिरण्याआधी बर्फ झाडायला घरचा माणूस आपटतो तसा, सवयीचा. एन्सिओने मान वळवली. कडी होती तिथे होती. दार बंद होतं. दाराच्या आत, चिंध्यांच्या गालिच्यावर, बुटाच्या टाचेतून सुटतात तशी बर्फाची दोन ढेकळं पडली होती. त्यांत पाइनच्या सुया अडकलेल्या. भट्टी धगधगत होती, तरी ती वितळत नव्हती.

"कॉफी," राइली म्हणाली.

एन्सिओ उडालाच. "काय म्हणालीस?"

"कॉफी. आणि वेलची. पाव भाजतोय."

ढेकळं, बूट, सगळं त्याच्या डोक्यातून उडालं. तिचं नाक आलं होतं! वाट पाहा म्हणाले होते ना डॉक्टर, आलं शेवटी. कॉफीचा डबा उचलून त्याने झाकण काढलं आणि तिच्या नाकाखाली नेऊन धरला. "घे! हुंग! पोटभर हुंग!"

तिने डोळे उघडले नाहीत. "आता काय धरलंयस?"

"कॉफी, राइली. आत्ताच म्हणालीस ना तू!"

"हिला काही वास नाही." ती शांतपणे म्हणाली, जसं मुलाला समजवावं. "ती लांबून येतेय. दारातून आत येणाऱ्याला येते ना, तशी."

डबा हातात घेऊन एन्सिओ तसाच मागे सरकला आणि पुन्हा खुर्चीत बसला. जमिनीवरून गार हवेचा पट्टा सरकत आला. त्याच्या मोज्यांवरून गेला आणि तिथेच थांबला.

"लिंबाचा साबण," राइली म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "हा वास इथला नाही. पुरुष आहे कुणीतरी. घाम फुटलाय त्याला."

"मी आहे. राइली, अगं मी आहे."

"माझ्या जागेवर बसलाय."

ते तिच्याच आवाजात होतं, पण शब्द उच्चारायची धाटणी जुनी होती, तिच्या लहानपणच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसारखी. मग तिने हात खाली घेतला, मांडीवर नीट ठेवला आणि डोळे उघडले. त्याच्याकडे तिने रागाने पाहिलं नाही, भीतीनेही नाही. अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं, अदबीने आणि थोडं अवघडून. या घरात एन्सिओला कुणी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"तुम्ही कोणाकडं आलात?" तिने विचारलं.

उभ्या जन्मात कधी उत्तराला अडला नव्हता असा तो माणूस. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तो खुर्चीवरून उठला आणि बाजूला होऊन त्याने जागा करून दिली.